होडीचं भात

जुन्या होडीचं पुढे काय होतं, हे मला पर्यटक फार विचारतात. राजूरच्या रस्त्याला माझं भंगाराचं दुकान आहे. धरणाकडे जाणाऱ्या गाड्या शेजारी पंक्चर काढायला थांबतात, आणि पंक्चर निघेपर्यंत माणसाला काहीतरी विचारावंच लागतं. माझ्या दुकानापुढे एका लोखंडी होडीचं नुसतं पुढचं टोक आहे, मागून पत्रा लावून बंद केलेलं, उंच दगडांवर टेकवलेलं. त्यात माझ्या बायकोच्या, हसीनाच्या शेळ्या पाणी पितात. लोक त्याचा फोटो काढतात आणि विचारतात, "चाचा, बाकीची होडी कुठंय?"

बाकीची होडी भट्टीत गेली. तिचे गज झाले असतील आणि ते कुणाच्या तरी स्लॅबमध्ये पडून असतील. हे ऐकून पर्यटकांचं तोंड उतरतं. त्यांना वाटतं, होडी म्हणजे काहीतरी हळवं प्रकरण असणार.

लाकडी होडी माझ्याकडे येतच नाही. ती काठावर उन्हानं उलते, मग एकेक फळी कुणी ना कुणी उचलतो. खुराड्याला, मोरीच्या दाराला, उरलेली चुलीला. तिच्या जळणाला डांबराचा वास येतो आणि त्या दिवशीच्या भाकरीलाही. पायडल मारायचे फायबरचे हंस असतात, त्यांना मेल्यावर कुत्रं विचारत नाही. वितळत नाहीत, आणि जाळले तर गाव खोकत बसतं. मान मोडलेला एक हंस मी एका गोठ्यात पाहिला, त्यात कांदे भरून ठेवले होते. लोखंडी होडी तेवढी माझी. तीस वर्षांत धरणाच्या काठाकाठानं मी कितीतरी होड्या कापल्या आणि मला एकदाही वाईट वाटलं नाही. भंगारवाल्याला वाईट वाटायला लागलं तर त्यानं सरळ किराणा दुकान टाकावं.

या टोकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती मी उंबरमाळात कुणाला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही, तसा शब्द दिलेला आहे. तुम्ही उंबरमाळचे नाही म्हणून सांगतो. असलात तर पान उलटा आणि पुढे चला.

उंबरमाळ ही धरणाच्या पलीकडच्या काठावरची वाडी. पंचवीस-तीस घरं. शाळा, दवाखाना, बाजार सगळं अलीकडच्या काठाला. डोंगरातून वळसा घालून यायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून वाडीनं फार वर्षांपूर्वी सगळ्यांच्या वर्गणीतून जाड पत्र्याची एक होडी करून घेतली आणि ती एका जोडप्याच्या हवाली केली. नवरा वल्हवायचा. तो लवकर गेला. मग बायकोनं वल्हं हातात घेतलं आणि ते पूल होईपर्यंत सोडलं नाही. ती कडूबाई.

होडीत बसणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही, असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. बाळंतीण असो, परीक्षेची पोरं असोत, नवरीचं वऱ्हाड असो, कुणीही कितीही वेळा बसावं. त्याच्या बदल्यात वर्षातून एकदा, दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकली की घरटी एक पायली भात. आणि ते भात कडूबाईच्या पदरात किंवा दारात टाकायचं नाही. होडी काठावर ओढून दगडांच्या ओट्यावर ठेवायची आणि भात होडीत ओतायचं. कडूबाईनं ते होडीतून भरून न्यायचं. देणाऱ्याचा हात वर नाही आणि घेणाऱ्याचा खाली नाही, मध्ये होडी.

त्याच्या आदल्या दिवशी होडीची परीक्षा. प्रत्येक घरानं दोन हंडे पाणी होडीत ओतायचं आणि दुपार कलेपर्यंत खालचे दगड बघत बसायचं. आतलं पाणी बाहेर येत नसेल तर बाहेरचंही आत येणार नाही, साधी गोष्ट. दगडावर थेंब पडला तर त्या साली भात नाही. हा नियम वाडीनं घातलेला नव्हता. कडूबाईच्या नवऱ्यानंच तो स्वतःवर घालून घेतला होता, लोकांनी बिनघोर बसावं म्हणून. कडूबाईच्या हातात आल्यापासून होडीखालचे दगड कधी ओले झाले नाहीत, असं सगळी वाडी सांगते.

मग पूल झाला. त्याला आता आठ वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी, गणपती उठल्यानंतरच्या बाजाराला कडूबाई माझ्या दुकानात आली. पंचाहत्तरीची बाई, पण दंड अजून गड्यासारखे. काट्याशेजारच्या पिंपावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "रज्जाकभाऊ, आमची होडी घ्या."

"वाडी विकतीये का?"

"वाडी न्हाई विकत. तुमी जाऊन मागायची. अन् मी सांगितलं, आसं कुठं बोलायचं न्हाई. मरस्तवर न्हाई."

मी धंद्यातला माणूस. आपणहून वस्तू विकायला येणाऱ्यापेक्षा चोरून विकायला येणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. मी म्हणालो, "मावशी, नीट सांगा. नाहीतर मी ऐकलंच नाही."

तिनं सांगितलं. पूल झाला त्या वर्षी तिनं मनाची तयारी केली होती की आता भात बंद. होडी ओट्यावर चढली ती चढलीच, फेरी एक नाही. दिवाळी झाली आणि वाडी हंडे घेऊन हजर. होडीत पाणी ओतलं, दगड कोरडे राहिले, दुसऱ्या दिवशी भात पडलं. पुढच्या वर्षी ती हात जोडून म्हणाली, आता नको. तर सगळे तिच्यावरच रागावले.

"म्हनले, आजी, आमाला परकं केलं का? होडी हाय, गळत न्हाई, मंग भात हाय. आता काय बोलायचं, सांगा. वाडी वाईट आसती तर भांडले आसते. लई चांगली हाय वो, त्येचाच घोळ झालाय."

"मग घ्या की. एवढी वर्षं वल्हवलंत."

"वल्हवलं त्याचं त्या त्या साली घेतलं. बाकी काय ऱ्हायलं न्हाई कुनाकडं." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "फुकटचं हाय, रज्जाकभाऊ. घास तोंडात फिरतो, खाली उतरत न्हाई. लाज वाटती मला."

मी विचारलं, भात बंद झाल्यावर खाणार काय. ती म्हणाली, रेशन आहे, वरच्या तुकड्यात नागली होते, आणि माझं पोट ते केवढं. म्हणजे खाण्याचे हाल होणार होते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण मी काही तिचा मुलगा नाही. मी म्हणालो, बघून येतो.

दुसऱ्या दिवशी पुलावरून पलीकडे गेलो. होडी ओट्यावर होती. मी तिच्याखाली उताणा शिरलो आणि बराच वेळ तसाच पडून राहिलो.

गंज लोखंडाला कसा खातो, हे मला झोपेतही सांगता येईल. तो कडेनं खातो, पत्रा पापडासारखा पातळ करतो, मग भोक पडतं ते वेडंवाकडं. या होडीला अकरा भोकं होती आणि प्रत्येक भोक चौकोनी होतं. कडा बाहेरच्या अंगाला वळलेल्या. म्हणजे कुणीतरी आत बसून छन्नीनं पाडलेली. आणि सगळी एकाच भागात, वल्हवणाऱ्याच्या फळीपासून हात पोचेल तेवढ्यात.

प्रत्येक भोकावर बाहेरून ठिगळ होतं. एकावर डांबरात बुडवलेलं गोणपाट. एकावर सिमेंट. एकावर ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा, नटबोल्टनं आवळलेला. एकावर स्टीलच्या डब्याचं झाकण रिबिटं मारून बसवलेलं. एकाला दुसऱ्यासारखं नाही. एकाच माणसानं केलेलं काम असं दिसत नाही. एवढं झाल्यावर ते सगळं झाकायला वरून काळं ऑइल फासलेलं.

मी बाहेर आलो तेव्हा कडूबाई शेळ्या घेऊन ओट्याशी उभी होती. मी हळूच म्हणालो, "मावशी, ही भोकं गंजाची नाहीत."

ती तोंडाला पदर लावून हसली. "दर साली एक-दोन पाडते. दर साली कोन तरी बुजवतं. कोन ते मी कधी बगितलं न्हाई."

"त्यांना कळत नसेल, कोण पाडतंय ते?"

"कळत आसंल. मला कळतं तसं त्यांनाबी कळत आसंल. पर बोलायचं कुनी?"

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. अख्खी वाडी शहाणी, आणि सगळ्यांचं शहाणपण त्या होडीच्या बुडाला चिकटलेलं.

कानिफनाथ हा वाडीचा पंचायत सदस्य. पंचेचाळीशीचा, बोलायला फटकळ. लहानपणी कडूबाईच्याच होडीतून शाळेत गेलेला. मी त्याच्या ओट्यावर जाऊन होडी मागितली. त्यानं बायकोला, आरतीला, चहा ठेवायला सांगितलं होतं. माझं मागणं ऐकून त्यानं तिला आतून परत बोलावलं आणि म्हणाला, चहा नको.

"त्या होडीवर आजीचं भात हाय, ठाऊक हाय ना तुमाला?"

"ठाऊक आहे."

"होडी गेली तर म्हातारी खाईल काय? तुमा भंगारवाल्यांना पोट आसतं का नुसता काटाच आसतो?"

मी म्हणालो, होडी निकामी झाली आहे. तो म्हणाला, निकामी आहे की नाही हे तुम्ही कोण ठरवणार, ती ठरवायची पद्धत वाडीत आहे. "परीक्षेच्या दिवशी या. गळली तर घेऊन जा, कुनी आडवं येनार न्हाई. पर गळायची न्हाई ती, लिहून घ्या."

आरती दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

दिवाळी झाली. परीक्षेच्या दिवशी मी सकाळी पोचलो. वाडी आधीच ओट्याभोवती जमलेली होती. कडूबाई समोर एका दगडावर बसली होती, नवं लुगडं नेसून. बायकांनी रांगेनं हंडे ओतले. होडी निम्मी भरली. मग सगळे गप्पा मारत बसले, यंदाच्या भातावर, करप्यावर, कुणाच्या सोयरिकीवर. मी एकटाच दगडांकडे बघत होतो. आणि कडूबाई.

तासाभरानं डांबराच्या ठिगळाखालचा एक दगड काळा झाला. अगदी बोटाएवढा डाग. त्या डागावर एका म्हाताऱ्यानं शांतपणे पाय ठेवला आणि तंबाखू मळत राहिला. थोड्या वेळानं दुसरीकडे डाग पडला, तिथे एक बाई पोराला घेऊन बसली. तिसरा पडला तेव्हा आरती हंडा घेऊन उठली. ठेच लागल्यासारखं केलं आणि हंडाभर पाणी दगडांवर सांडलं. सगळा ओटा ओला. आता कुठला थेंब होडीचा आणि कुठला हंड्याचा, कुणाच्या बापाला कळायचं नाही. बायका म्हणाल्या, अगं बाई, जपून. कुणी हसलं नाही. मला त्या क्षणी त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्या सगळ्यांना एकेक ठेवूनही द्यावीशी वाटली.

दुपार कलली. कानिफनाथ उठला. "बगितलं का रज्जाकशेठ? थेंब न्हाई."

मी म्हणालो, ओटा ओला आहे.

"हंडा सांडला, तुमच्या म्होरं. बरं, आसं करा. लोखंड तुमाला कळतं. तुमीच हात घालून बगा अन् सांगा. तुमी म्हनाल ते."

हे त्यानं मला अडकवायलाच केलं. भंगारवाला गळते म्हणाला तर लोभी ठरणार, आणि चारचौघांत लोभी ठरायला कुणाला आवडतं? तो मला माझ्या अब्रूच्या भीतीनं खोटं बोलायला लावत होता, आणि तेही एका म्हातारीच्या दोन घासांसाठी. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी हेच केलं असतं.

मी खाली वाकलो. खांद्यावरच्या रुमालानं ठिगळाखालचा पत्रा कोरडा केला आणि तिथे तळहात धरून बसलो. सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या नजरा मला एकच सांगत होत्या, की रज्जाकभाई, नाही म्हण. समोर कडूबाई बसली होती. तिनं गुडघ्यावरचे दोन्ही हात घट्ट आवळले होते. तळहातावर थेंब पडला. मग दुसरा.

"गळते," मी म्हणालो.

 मग पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "भंगारवाला दुसरं काय बोलनार." आणि मग सगळेच बोलायला लागले. माझा काटा खोटा आहे इथपासून माझ्या बापानं कुणाचं तरी घंगाळ कसं नेलं होतं इथपर्यंत. सगळ्यांत मोठा आवाज कडूबाईचा. "अरं मेल्या, तुझ्या काट्याला कीड लागंल! म्हातारीच्या तोंडचं काडलंस! रांडेच्या, बरा सापडलास मला!" शिव्या देता देता ती उठली आणि काठी घेऊन माझ्या अंगावर आली. दोन बायकांनी तिला धरलं. त्यांच्या खांद्यांमधून तिनं माझ्याकडे बघितलं. इतकी आनंदी बाई मी त्या वर्षात दुसरी पाहिली नाही.

शब्द म्हणजे शब्द. कानिफनाथनं होडी दिली, ठरली ती किंमत मी देवळाच्या पेटीत टाकली. माझा गॅस कटरवाला अंगद माझ्याएवढाच म्हातारा आहे आणि माझ्यापेक्षा कमी बोलतो. त्यानं दोन दिवसांत होडी तिथेच कापली. ठिगळं आधी काढून बाजूला टाकली. स्टीलच्या झाकणावरचं ऑइल पुसलं तेव्हा त्यावर कोरलेली अक्षरं दिसली. भांड्यावर घालतात तशीच. "चि. सौ. कां. आरती हिस मामाकडून सप्रेम भेट."

अंगदनं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुठं टाकू?" मी ते माझ्या पिशवीत ठेवलं. अजून दुकानात आहे. परत नेऊन देता येत नाही, भंगारातही टाकता येत नाही.

होडीचं पुढचं टोक निरोगी होतं. तिथपर्यंत कडूबाईचा हात पोचला नव्हता. अंगद म्हणाला, मागून एक पत्रा मारला तर शेळ्यांना डोण होईल. मारला. बाकी माल ट्रकात गेला.

उंबरमाळातून मला त्यानंतर एक खिळाही आला नाही. पत्रे, पंप, मोडक्या सायकली, सगळं तालुक्याला, अकोल्याला जायला लागलं. जीपवाला कल्याण जाता-येता मला बातम्या सांगायचा आणि चिडवायचा, "चाचा, त्या वाडीत जाऊ नका, डोण करतील तुमची." त्यानंच पुढचंही सांगितलं. होडी कापून गेल्यावर आरती पायली घेऊन कडूबाईच्या दारात गेली. कडूबाई म्हणाली, "वत की. होडीत वत. कुठंय होडी?" आरती उभी राहिली. तिच्यामागे आणखी चार घरं पायल्या घेऊन आली होती. कडूबाई पुन्हा म्हणाली, "होडी दावा, मंग वता. मी काय भिकारीन हाय का?" सगळे आपापलं भात घेऊन घरी गेले. कल्याण म्हणाला, तुमच्यामुळे म्हातारी नागलीवर आली. मी म्हणालो, हो.

पौषात, बाजारच्या दिवशी, ती आली. डोक्यावर गाठोडं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत पिंपावर बसून राहिली. मग बाहेर येऊन त्या डोणीभोवती फिरली, पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "शेळ्या बाजूला करा. पानी काडा. पुसून घ्या."

मी केलं. तिनं सांगितलं तर माणूस करतो, तिचा आवाजच तसा आहे. हसीनाही बाहेर आली.

"आता ताजं पानी वता."

हसीनानं दोन हंडे आणून ओतले. कडूबाई खाली उकिडवी बसली. डोणीखालच्या मातीकडे बघत बसली. चहा दिला, तो तिथेच बसून प्याली. मी दोन गिऱ्हाइकं केली, पण माझं लक्ष काट्यात नव्हतं. तासाभरानं तिनं खालची माती बोटानं चाचपली. कोरडी होती.

"वतून टाका पानी."

टाकलं, पुसलं. मग तिनं गाठोडं सोडलं आणि पायलीभर भात डोणीत ओतलं. स्वतःच्या तुकड्यातलं. नागलीच्या शेजारी तिची भाताची चार वाफ्यांएवढी खाचरं होती, त्यातलं.

"हे कशाचं, मावशी?"

"होडीचं."

"मी कुठं होडी चालवली?"

"मला सोडलं न्हवं का तुमी, ह्या कडंचं त्या कडंला? अन् शिव्या खाल्ल्या वर. आता गपचिप भरून घ्या. हातात देत न्हाई मी."

असं म्हणून गाठोड्याचं फडकं झटकून ती निघून गेली. जीपमध्ये बसेपर्यंत मागे वळली नाही. मी भरून घेतलं. दुसरं काय करणार? हसीनानं गिरणीतून तांदूळ करून आणला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, किती गोड आहे. दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. मी जेवत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे पलीकडच्या काठावर ती नागलीची भाकरी मोडत होती. घास तोंडात फिरतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मी तिला मागे सांगून बघितलं. मागच्या वर्षी, आखाड सरता बाजारात भेटली तेव्हा म्हणालो, मावशी, झालं ते झालं, आता पुन्हा भात आणू नका. ती म्हणाली, "का? डोन गळती का?"

"नाही."

"मंग?"

वाडीचाच नियम तिनं माझ्यावर फिरवला होता. 

दिवाळी आली तसा मी अस्वस्थ झालो. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. हसीना बहिणीकडे गेली होती. मी डोण रिकामी केली, छन्नी-हातोडी घेतली आणि आतल्या बाजूनं, कोपऱ्यात, एक भोक पाडलं. नीट विचार करून पाडलं. कडा घासल्या, चौकोन मोडला, वर मीठ-पाणी चोळलं, म्हणजे चार दिवसांत गंज धरेल. तीस वर्षं लोखंड ओळखणारा माणूस आहे मी, खोटं भोक पाडायचं तर ते खऱ्यासारखं पाडता येतं मला. हसीनाला सांगितलं, गंजली डोण. शेळ्यांना प्लास्टिकचा टब आणला.

बाजारच्या दिवशी ती आली. गाठोडं खाली ठेवलं. शेळ्यांचा टब बघितला. मग डोणीपाशी बसली, कोपऱ्यात बोट घातलं, ते भोकातून खाली बाहेर काढलं आणि कडेवरून हळूहळू फिरवलं. मी काट्यामागे उभा होतो, वजनं पुसत.

"गंजली वाटतं," मी म्हणालो. "जुनं लोखंड."

तिनं बोट पदराला पुसलं. कंबरेची पिशवी सोडली. तिच्यातून तिनं एक डांबराचा गोळा काढला, चांगला लिंबाएवढा, आणि गोणपाटाचा एक तुकडा, आधीच बेतून कापलेला. ते दोन्ही तिनं घरून आणलं होतं. हसीनाला म्हणाली, "बाई, जरा चूल पेटव, ह्ये ऊन करायचंय." हसीनानं माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

डांबर तापलं. कडूबाई आडवी होऊन डोणीखाली शिरली आणि बाहेरच्या अंगानं ठिगळ बसवायला लागली. अंगठ्यानं दाबून, कडा मिटवून, अगदी मन लावून. तिचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"रज्जाकभाऊ," ती खालून म्हणाली, "दोन हंडे पानी काडून ठेवा."

मी हंडे भरायला गेलो.